कलबूत

सकाळपासून गळाला काही लागलं नाही,
तोंडाला मात्र वाद लागला.

तलाव दीड वीत गोठलाय.
तीन भोकं, तीन पालथ्या बादल्या,
त्यांवर आम्ही तीन म्हातारे:
झेनोनास, ल्युदविकास आणि मी.
पलीकडे काउनासची धुराडी,
कधीची थंड.

झेनोनास म्हणतो, रिमगाउदास.
दुसरं नाव घ्यायचं कारणच नाही.
रिंगखाली उभा राहिला की दार लागायचं,
आतून कडी.
एका रात्रीत एकतीस रिबाउंड,
आणि तेही अंगात ताप असताना.
(ताप दर वर्षी थोडा चढतो.
गेल्या हिवाळ्यात अडतीस होता,
आज साडेएकोणचाळीस.)

ल्युदविकास बर्फावर थुंकतो.
दाराचं काय, भिंतसुद्धा नुसती उभीच असते, म्हणतो.
वाइदोतासकडे चेंडू गेला
की बाकीचे चार उंच व्हायचे.
सेंटर त्याला म्हणतात.
पाठ रिंगकडे, डोळे कुठेच नाहीत,
आणि चेंडू बरोब्बर त्या पोराच्या हातात
ज्याला स्वतःलाच माहीत नसायचं
आपण मोकळे आहोत.

अकरा वेळा भिडले दोघे.
सहा याचे, पाच त्याचे.
बारावा सामना झालाच नाही,
म्हणून तो आम्ही दर रविवारी खेळतो.

मी भोकातला बर्फाचा चुरा
झाऱ्याने काढत राहतो.

त्या काळी कारखान्यातले जोडे
शेहेचाळीस नंबरला संपायचे.
यांचे पाय त्यापुढे सुरू व्हायचे.
दोघेही माझ्याकडेच यायचे, वेगवेगळ्या वारी,
जिन्यात वाकून, दारात आणखी वाकून.
वर्तमानपत्र पसरून मी पाय आखायचो:
टाच एका मंत्र्याच्या भाषणावर,
अंगठा हवामानावर.
लिंडनच्या लाकडाचे कलबूत,
ट्रकच्या टायरचा तळ.

तळ खोटं बोलत नाही.
वाइदोतासचा डावा जोडा
अंगठ्याच्या मुळाशी झिजायचा, नाण्याएवढा गोल.
तो वळायचा तो तिथूनच,
नेहमी तिथूनच.

हे मला एकाने विचारलं.
धुरी दिलेल्या माशांचा डबा टेबलावर ठेवून,
सहज, लेस बांधता बांधता.
मी बोटाने दाखवलं.
बोललो नाही,
एवढंच काय ते माझं इमान.

आठवा सामना.
झेनोनास तो आजही उभं राहून सांगतो, बादली लवंडते:
‘सात ब्लॉक! तो वळायच्या आधीच हा तिथे!
ह्याला म्हणतात उपजत!’
मी गळाला किडा लावतो.
नीट लावावा लागतो,
नाहीतर वळवळून सुटतो.

पुढच्या मंगळवारी वाइदोतास आला.
जोडा उलटा करून
खूप वेळ तळ बघत बसला,
जसं उशिरा आलेलं पत्र.
मग म्हणाला, डावीकडे रबर जरा जाड घाल.
पैसे पूर्ण दिले.
आणि तिशी उलटलेल्या त्या माणसाने
पुढच्या हिवाळ्यात उजवीकडून वळायला घेतलं,
अडखळत, नव्याने चालणाऱ्या पोरासारखं.
पहिले तीन सामने लोक हसले.

‘तू सांग,’ ल्युदविकास म्हणतो,
‘तू तर दोघांचे पाय हातात धरलेस.’
झेनोनासही बघतो,
भुवयांवर त्याचाच श्वास गोठलेला.
दोर किंचित हलतो. की वारा.

दोघांच्याही करंगळीवर कुरूप होतं, मी म्हणतो.
सारख्याच जागी.

ते हसतात. बाटली फिरते.
सहा-पाच, झेनोनास पुन्हा म्हणतो,
आकड्यापुढे कोणाचं चालतं?
मी झारा उचलतो.
तेवढ्यात भोकावर
नवा पापुद्रा धरलाय,
पातळ,
खालचं सगळं दिसेल असा.